मॅडमपुढे हात जोडण्याआधी

आई-बाबांनो,

लेक नर्सिंगला गेली तेव्हा तेंदूच्या हंगामातली मजुरी कशी बाजूला ठेवली, धान कोणत्या भावात विकलं, उसने कुणाकडून आणले, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. एटापल्लीहून, कोरचीहून, जिवतीहून, गोंडपिपरीहून पोरी एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला चंद्रपूर-गडचिरोलीला येतात, कुणी थेट नागपूर गाठते. प्रवेशाच्या वेळी फी, वसतिगृह, गणवेश, सगळ्याची चर्चा होते. एका गोष्टीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, म्हणून आज मी बोलते.

एखाद्या संध्याकाळी फोन येतो. पेपरात चिठ्ठी सापडली. किंवा हजेरी कमी पडली. किंवा केसबुकात सिस्टरची सही हिनेच केली, वॉर्डात रुग्णाचा फोटो काढला, ज्युनिअर मुलीने तक्रार दिली. पलीकडून एवढंच सांगतात, ‘उद्या पालकांना घेऊन या.’

रात्रभर घरात कुणाला झोप नसते. बाप म्हणतो, नाक कापलं. आई म्हणते, कुणाची नजर लागली. आणि सकाळच्या एसटीने तुम्ही कॉलेजात पोचता, चपला दाराबाहेर काढता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्ची समोर असूनही उभेच राहता. ‘मॅडम, लेकरू आहे, पदरात घ्या.’ मग एक कागद पुढे येतो. ‘यावर लिहून द्या, मिटवून टाकू.’ पोरगी रडत रडत लिहिते: ‘माझ्याकडून चूक झाली आहे, मी कॉपी केली, यापुढे असे करणार नाही, होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.’ खाली तिची सही, तिच्याखाली तुमची सही किंवा अंगठा.

माझं सगळं सांगणं या कागदापाशीच आहे. मॅडम वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. कित्येक जणी मनापासून मिटवायलाच बघतात. पण प्रकरण कॉलेजातच मिटेल हे त्यांच्याही हाती नसतं. बीएस्सीची परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, एएनएम-जीएनएमची राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. शिवाय परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. तो कागद फाइलमध्ये लागला की वरच्या समितीपुढे पोरीच्या आधी जाऊन बसतो. समिती तिला विचारते, ‘तूच लिहिलंस ना?’ पुढे सांगायला काही उरत नाही.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण या बाबतीत फार शिकवून जातं. १९९० च्या दहावीच्या परीक्षेत मुंबई विभागात काही मुलांचे गुण मॉडरेटरच्या गुणपत्रकांत खाडाखोड करून वाढवलेले निघाले. बोर्डाने मुलांना नोटिसा दिल्या, कागद बघू दिले, पालकांना सोबत येऊ दिलं. वकील मात्र आणू दिला नाही. गुण वाढवलेले आहेत हे मुलांनी मान्य केलं, आमचा यात हात नाही एवढंच म्हणाली. उच्च न्यायालयाने मुलांची बाजू उचलून धरली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बोर्डाची शिक्षा कायम केली. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, जे जास्त संभवतं ते धरून निर्णय देता येतो. म्हणजे तुम्ही आम्ही ज्याला ‘पुरावा कुठाय?’ म्हणतो, ते इथे पुरेसं पडत नाही. म्हणूनच पोरीने स्वतःच्या हाताने काय लिहून दिलं याला इतकं वजन.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. उत्तर प्रदेशातल्या इंटरमिजिएट बोर्डाने १९५४ च्या परीक्षेतल्या तीन मुलांचे निकाल गैरप्रकाराच्या ठपक्याखाली रद्द केले, त्यांना काही न विचारता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये न्यायालय म्हणालं, मुलाचं भवितव्य ठरवणाऱ्या समितीने त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. एका आख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी होऊन परीक्षाच रद्द झाली, तर गोष्ट वेगळी. तिथे एकेकाला बोलावून विचारावं लागत नाही. पण तुमच्या लेकीवर नाव घेऊन आरोप असेल, तर तिला आरोप लेखी मिळायला हवा, कशाच्या आधारावर तो बघायला मिळायला हवा आणि उत्तराला वेळ मिळायला हवा. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही. नम्रपणे, बसून, मागा.

नोटीस बहुधा इंग्रजीत असते. जिच्या घरात माडिया बोलतात, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, तिला मराठीच शाळेत शिकावी लागली. तिला विचारा, यात काय लिहिलंय ते तुझ्या भाषेत सांग. तिला सांगता आलं नाही तर तिला ते कळलेलं नाही, आणि न कळलेल्या नोटिशीचं उत्तर त्याच दिवशी देऊ नये. ‘नोटीस मिळाली, मराठीत समजावून द्यावी, खुलाशाला मुदत द्यावी’ एवढा अर्ज त्या दिवशी पुरे. त्याची दुसरी प्रत काढा, तिच्यावर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या.

आणि मग, एकट्या तिला, ओरडा न करता विचारा, खरं काय झालं. ‘तू असं करूच शकत नाहीस’ म्हणू नका, तसं म्हटलं की तिला खरं सांगायची वाट बंद होते. चिठ्ठी तिची असेल तर खुलाशात तसं लिहावं: ती होती, तिच्यातून उतरवलं किंवा नाही उतरवलं, पर्यवेक्षकांनी किती वाजता घेतली. तिची नसेल तर: ‘चिठ्ठी माझ्या बाकाखाली सापडली. अक्षर माझं नाही. ते माझ्या उत्तरपत्रिकेशी ताडून बघावं.’ मोघम माफीपेक्षा अशी चार वाक्यं तिला जास्त वाचवतात, आणि ती खरीही असतात. तिच्यासाठी खोटं मात्र तुम्ही बोलू नका. खोटा वैद्यकीय दाखला आणून दिलात, तर एकाचे दोन आरोप होतात आणि दुसरा तुमचा असतो.

हजेरीचं दुखणं आपल्याकडे वेगळंच आहे. बीएस्सी नर्सिंगच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि रोवणीला म्हणून घरी आलेली पोरगी अडकून पडते. सिकलसेलची पोरगी दुखणं उठलं की आठवडा आठवडा अंथरुणात असते. ही कारणं खरी आहेत, पण ती सत्राच्या शेवटी सांगितली तर बहाणे वाटतात. रस्ता बंद असल्याचं ग्रामपंचायतीकडून त्याच आठवड्यात लिहून घ्या, दवाखान्याचा कागद त्याच महिन्यात कॉलेजात द्या. टक्का त्याने आपोआप वाढत नाही. बुडालेली ड्युटी सुट्टीत भरून द्यायची विनंती मात्र त्याच्या जोरावर करता येते. आणि आणखी एक, रागावू नका: रोवणीला तिला बोलावू नका.

आता जे सांगते ते ऐकायला जड जाईल. वॉर्डात सकाळी सहा रुग्णांचं तापमान, नाडी, श्वास मोजून तक्त्यावर लिहायचं असतं. रात्रपाळीने थकलेली पोरगी थर्मामीटर न लावताच सहाही ठिकाणी ९८.४ लिहून मोकळी होते. चिठ्ठीपेक्षा मला हे भयंकर वाटतं. त्या सहातल्या एका बाळंतिणीला ताप चढत असेल, तर तिचा जीव त्या रिकाम्या आकड्याखाली दडपला जातो. याच गडचिरोलीत शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून उभं केलं. त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, वजनं, श्वास, दुखणी प्रामाणिकपणे नोंदवली. बालमृत्यू कसे खाली आले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाने वाचलं. त्या बायकांनी घरी बसून आकडे भरले असते, तर त्या कामावर कुणी विश्वास ठेवला नसता. तुमच्या लेकीने खोटी नोंद केली असेल, तर ती कबूल करायला तिच्या पाठीशी उभे राहा, आणि शिक्षा चुकीच्या मापाची असेल तर तेवढ्यापुरतं भांडा. पहिली चूक, कुणाला इजा नाही, स्वतःहून सांगितलं, या गोष्टी खुलाशात याव्यात.

रॅगिंगची तक्रार आली तर आधी त्या दुसऱ्या पोरीचा विचार करा. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात जीव गमावलेली डॉ. पायल तडवी आदिवासी घरातलीच लेक होती. तुमचीच लेक त्रास सोसत असेल, तर १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक तिच्याकडे असू द्या.

पैशाचं. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलग्यांनाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. चौकशीत वकील आत आला नाही तरी खुलासा लिहिताना त्याचा उपयोग होतो. जाताना नोटीस, ओळखपत्र, हॉल तिकीट आणि त्या शिक्क्याच्या प्रती न्या.

त्या दिवसांत पोरीला एकटं ठेवू नका. वसतिगृहात राहणार असेल तर रोज बोला, जेवली का विचारा; फारच खचली तर १४४१६ वर मानसिक आरोग्याची मदत रात्रीही मिळते. काही घरांत याच वेळी पाहुण्यांची ये-जा सुरू होते, ‘शिकून काय दिवे लावले, आता उरकून टाकू.’ असं करू नका, बाबा. निर्णय विरोधात गेला तरी आधी विद्यापीठाकडे किंवा मंडळाकडे दाद मागता येते, अन्याय उघड असेल तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. एक परीक्षा गेली म्हणून शिक्षण संपत नाही. शिक्षा किती काळाची आहे, पुन्हा कोणत्या सत्राला बसता येईल, तोवर शिष्यवृत्तीचं आणि वसतिगृहाच्या जागेचं काय, हे तिघंही मिळून कार्यालयात विचारा, आणि पोरीचं नाव हजेरीपटावरून कमी केलेलं नाही हे लेखी घेऊनच परतीची एसटी धरा.