आधी ओळीवर बोट, मग अर्थ

पोरी, भिवंडीच्या निजामपुऱ्यात मराठी शिकवायला उभी राहशील तेव्हा पहिल्याच दिवशी मुलांना विचार, घरी काय बोलता? कुणाकडे उर्दू, कुणाकडे कोकणी, हिंदी, तेलुगू. मराठी अडखळतं म्हणून मुलाला अर्थ लागत नाही, असं धरून चालू नकोस. उताऱ्यात काय घडलं ते त्याला घरच्या बोलीत सांगू दे. मग म्हण, "कुठे लिहिलंय? बोट ठेव." बोट ठेवता आलं तर अर्थ त्याला लागला. नाही ठेवता आलं, तर उत्तर गाइडातलं आहे किंवा मनाचं. माझा सगळा भर याच एका सवयीवर आहे.

नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' ही कविता दहावीच्या अक्षरभारतीत आहे. तिथे मोह होतो. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव, 1982च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं कितीतरी काम इकडे वळलं, मुलांच्या घरची माणसं मागावर रात्रपाळी करतात. मग कवीच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. तसं करू नकोस. गिरणी कामगाराने वाढवलेलं अनाथ मूल, एवढं कानावर पडलं की मुलं कविता मिटतात आणि कामगारांवर निबंध लिहितात. कवीचा परिचय शेवटी. आधी कविता दोनदा मोठ्याने वाचून घे. मग विचार, यात हातांचं काय काय होतं? चंद्र आणि भाकरी एकाच कवितेत कशाला आली? विचारून झालं की गप्प बस. लगेच उत्तर पुरवलंस तर मुलं पुन्हा कधी शोधणार नाहीत. मागावरच्या घरातलं एखादं मूल स्वतःहून बोलेल. त्यालाही ओळ दाखवायला लाव.

उर्दू माध्यमाची मुलंही अक्षरभारतीच वाचतात. शेराची तशरीह, म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणं, त्यांना ठाऊक असते, तिचा उपयोग करून घे. पण गझलेत प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण असतो, त्यामुळे मराठी कवितेचं कडवंही ती सुटं घेतात. पहिलं नि शेवटचं कडवं शेजारी ठेव आणि मधे काय बदललं ते विचार.

अपठित उताऱ्यात आधी प्रश्न वाचा, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. प्रश्न डोक्यात घेऊन बसलेलं मूल शब्द हुडकतं आणि 'पण', 'तरीही', 'म्हणून' ओलांडून जातं. लेखकाचं म्हणणं नेमकं तिथेच वळतं. आधी उतारा सलग वाचायचा, या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची, मग प्रश्न. स्वमताच्या प्रश्नाचंही तेच: मत मुलाचं, पण ते उताऱ्यातल्या कुठल्या गोष्टीवरून बनलं ते पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे.

हे सगळं फेब्रुवारीत शिकवायला घेऊ नकोस. जूनपासून आठवड्याला एक उतारा घे, आणि त्या तासाला गाइड दप्तरातच राहू दे.