ध्वनिवर्धकातील गुणगुण

घरातील ध्वनिवर्धकास संगणकाची तार जोडताच गाण्यामागे मंद गुणगुण का ऐकू येते, असे विद्यार्थी आम्हांस वरचेवर विचारतात. आपल्याकडील वीज सेकंदास 50 आवर्तने घेते. त्यांचा, अथवा त्यांच्या पटीचा, तो स्वर होय. दोन्ही यंत्रे निरनिराळ्या सॉकेटांतून जमिनीशी जोडलेली असली, म्हणजे अर्थिंगची तार व ध्वनीच्या तारेवरील जाळी मिळून एक वेटोळे बनते. त्यातून फिरणारा अल्प प्रवाहच कानी पडतो. यास्तव दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावी. गुणगुण बहुधा तेथेच थांबते.

कित्येक जण त्याऐवजी प्लगाची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण जाते खरी. परंतु हे कदापि करू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या पत्र्याची भीती घरोघरी ठाऊक आहे; ध्वनिवर्धकाची धातूची पेटीही त्याच जातीची. तीत वीज उतरल्यास फ्यूज उडवून प्राण वाचविणारी तार ती हीच. ती तोडलेल्या पेटीस मूल शिवले, तर वीज त्याच्या देहातून वाट काढते.

नेटवर्कच्या तारेची रचना मात्र मोठी चतुर! तीत तारांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. बाहेरचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो. यंत्र दोहोंतील फरक तेवढा पाहते, म्हणून उपद्रव वजा होतो. या युक्तीचे पेटंट ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी 1881 मध्ये घेतले. टोकाशी हा पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये, आणि विजेची तार ओलांडणे भाग पडल्यास काटकोनात ओलांडावी.

पंप सुरू करताना होणारी कडकड निराळी. ती स्विचातील ठिणगीची. ती वाढू लागल्यास वायरमनकडून स्विच बदलून घ्यावा.