साथ येण्याआधी

तहान लागल्यावर विहीर खणायला निघाले, तर पाणी कधी मिळणार? रोगाच्या साथीचेही तसेच आहे. तयारी आधी हवी.

जुन्या माणसांच्या तोंडी 'मानमोडी' हे नाव असे. ती १९१८ सालची फ्लूची साथ. जून महिन्यात ती मुंबई बंदरात आली. पावसाळा सरताना पुन्हा उसळली आणि गावोगाव पसरली. त्या साली पाऊसही कमी झाला होता. धान्य महाग होते. देशात एक कोटीहून जास्त माणसे दगावली. त्यांत ऐन उमेदीची माणसे फार होती. घरातले सगळेच एकदम अंथरुणाला खिळले, की घोटभर पाणी पाजायलाही कोणी उरत नसे.

पुढे १९५७ साली आणि २००९ साली नव्या फ्लूच्या साथी आल्या. २०२० साली कोरोना आला. तो फ्लू नव्हे, पण तोही खोकल्यातून, श्वासातून पसरतो. नवा रोगजंतू आपल्या शरीराच्या ओळखीचा नसतो. म्हणून एकाच वेळी पुष्कळ माणसे आजारी पडतात. अशी साथ पुन्हा येईल, हे धरूनच आपण चालावे.

मग घरात काय करावे?

दोन आठवडे पुरेल इतके धान्य, डाळ, मीठ आणि साबण घरात असावा. हातावर पोट असलेल्याला हे एकदम कसे जमेल? जमणार नाही. म्हणून दर बाजाराला मूठ-मूठ बाजूला ठेवावे. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. रोजची औषधे संपण्याआधी आणावी.

आजाऱ्याला वेगळी खोली द्यावी. एकच खोली असेल, तर खिडकीजवळचा कोपरा द्यावा. त्याचे सगळे एकानेच करावे. दोघांनीही तोंडाला मास्क लावावा. दर वेळी साबणाने हात धुवावे. आजाऱ्याला पाणी, पेज, सरबत थोडे थोडे देत राहावे. मनाने औषधे देऊ नयेत. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये.

गरोदर बाई, तान्हे मूल, म्हातारे माणूस, दम्याचा किंवा मधुमेहाचा रोगी यांना ताप आला, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत जास्त गुण देते. कोणालाही दम लागला, ओठ निळे पडले, माणूस बरळू लागला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थांबू नये. १०८ नंबरला फोन करावा.

हा धडा आम्ही एका वर्गात शिकवत होतो. एक म्हातारी म्हणाली, "समदं खरं. पण मी एकटी. मी पडले तर मला पाणी कोण देईल?"

वर्ग गप्प झाला. आम्हांलाही उत्तर सुचेना. मग तिची शेजारीण म्हणाली, "मी हाय की, आत्याबाई! रोज सकाळी दारातनं हाक मारीन. तुम्ही ओ दिली नाय, तर आशाताईला बोलवीन. पाणी, भाकरी दारात ठिवीन."

आम्हांला जे सुचले नाही, ते तिला सुचले. त्या दिवशी वर्गाने पाच-पाच घरांचे गट केले. कोणी कोणाला हाक मारायची, हे ठरले. लिहायला आलेल्या हातांनी ते कागदावर लिहिले आणि दाराच्या आत चिकटवले.

साथ म्हणजे रोग. साथ म्हणजे सोबतही. पहिली आली, तर दुसरी हवी.

आता तुम्ही लिहा :
१. मी रोज कोणत्या घराला हाक मारीन?
२. मला कोण हाक मारील?
३. आशाताईचा फोन नंबर काय?
४. आमच्या पाच घरांत एकटे कोण राहते?

हा कागद आजच दाराच्या आत चिकटवा.