शून्य दिसलं की आधी शंका घे

अगं, इन्फेक्शन कंट्रोलची ड्युटी मिळाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. "आता पेशंट सुटले, कागद मागे लागले" असं सगळ्याच म्हणतात. पण हे काम खुर्चीत होत नाही. खुर्चीत बसून भरलेला फॉर्म मला लांबूनच ओळखू येतो: सगळ्या रकान्यांत एकाच पेनच्या, एकाच दमात मारलेल्या बरोबरच्या खुणा.

आधी मोजायला शीक. पेशंट दाखल झाल्यावर ४८ तास उलटून गेले आणि मग जे इन्फेक्शन उभं राहिलं, जे येताना त्याच्या अंगात नव्हतं, ते आपलं. घरून न्यूमोनिया घेऊन आलेल्या आजोबांचं पाप आपल्या खाती धरायचं नाही, म्हणून दाखल होतानाचा कागद नीट वाच. आणि नुसती इन्फेक्शनं मोजून काही कळत नाही. गेल्या महिन्यात दोन होती, या महिन्यात चार झाली, बिघडलं का? पेशंटच दुप्पट असतील तर नाही. म्हणून रोज ठरलेल्या वेळी आयसीयूत जा आणि तीन आकडे लिही: लघवीची नळी किती जणांना, सेंट्रल लाइन किती जणांना, व्हेंटिलेटरवर किती. प्रत्येकाची महिन्याची वेगळी बेरीज म्हणजे तुझे नळी-दिवस. समज, लघवीच्या नळीचे ४०० दिवस भरले आणि इन्फेक्शनं झाली २, तर दोनाला चारशेनं भाग आणि हजारानं गुण. दर हजार नळी-दिवसांमागे ५. हा आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघता येतो. रविवारी शनिवारचाच आकडा उतरवायचा नाही हं. तुझ्या सुट्टीत कोण मोजणार, ते इन्चार्ज सिस्टरांशी आधीच ठरवून घे.

आता शून्याचं. एखादा वॉर्ड महिनोन्महिने शून्य दाखवत असेल, तर पेढे वाटायच्या आधी लॅबमध्ये जा आणि त्या वॉर्डातून कल्चर किती आली ते बघ. पाठवलीच नाहीत तर सापडणार काय? अँटिबायोटिक सुरू करून मग रक्त घेतलं तरी तीच गत. रक्ताचं कल्चर पहिल्या डोसाआधी, हे प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला न कंटाळता सांग.

ऑपरेशनच्या टाक्यांचं शून्य तर सगळ्यात खोटं. पेशंट पाचव्या दिवशी घरी जातो, पू दहाव्या दिवशी येतो, ड्रेसिंग गावातला डॉक्टर करतो आणि तुझी वही कोरी राहते. म्हणून ३० दिवसांपर्यंत फोन करायचा. गुडघ्याचा सांधा किंवा हाडात प्लेट बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत. फोनवर "इन्फेक्शन झालंय का?" असं विचारलंस तर "नाही हो, सगळं छान" हेच ऐकू येईल. पट्टी भिजते का, जखमेच्या कडेला लाली आहे का, ताप आला होता का, बाहेर कुठे टाके उसवावे लागले का, असं विचार. मग लोक बोलतात.

टाळायचं कसं म्हणशील, तर राउंडला रोज एकच प्रश्न विचार: "सर, ही नळी आज कशासाठी?" नीट उत्तर आलं नाही तर त्याच दिवशी नळी काढायला सांगून घे. निम्म्या नळ्या केवळ बेडपॅन द्यायला माणूस नाही म्हणून राहतात, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. जी ठेवायची ती नीट ठेवा. युरोबॅग मूत्राशयाच्या खाली हवी, पण फरशीला टेकलेली नको. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना बॅग त्याच्याच पोटावर ठेवून ट्रॉली ढकलतात. साचलेली लघवी मागे फिरते. बॅग रिकामी करायला प्रत्येक पेशंटचा मग वेगळा. एकच मग बेडवरून बेडवर फिरताना दिसला, तर बाकीची तपासणी बाजूला ठेव आणि आधी तो थांबव. आणि कल्चरची लघवी बॅगेतून नाही, नळीवरचा पोर्ट स्पिरिटनं पुसून सिरिंजनं घ्यायची.

हात धुण्याचे पाच प्रसंग तुला पाठ आहेतच. हँड रब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६०. मी बघितलंय ते असं की, पेशंटला हात लावून झाल्यावर लोक धुतात, कारण तेव्हा भीती स्वतःची असते. लावण्याआधी विसरतात. बाटली दाराशी टांगलेली असेल तर कुणी चालत जात नाही. ती बेडपाशीच लाव. ग्लोव्हजवर फार विश्वास ठेवू नकोस. एकाच जोडीत तीन बेड आणि मधे मोबाइल, हे रोज चालतं. तुला बघून सगळे हात धुतीलच, तेव्हा कधी रात्री दोननंतरही चक्कर मार. आणि जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणीच. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत.

सफाईच्या मावशी आणि मामांना सगळ्यात आधी शिकव, आणि नावानं हाक मार. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणजे बेडचा कठडा, मॉनिटरची बटणं, पंप, पडदा. फरशी चकचकीत आणि कठडा तसाच, असं नेहमी दिसेल, कारण साहेब फरशी बघतात. पुसायचं हायपो ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी; झालं १ टक्का. रोज ताजं करायचं, बाटलीवर तारीख आणि वेळ टाकायची. सांडलेलं रक्त आधी टिपून घ्यायचं, मग हायपो ओतून १० मिनिटं थांबायचं. ओतलं की लगेच पुसणं म्हणजे नुसता वास.

हे आकडे डॉक्टरांना सांगायचा भाग कठीण आहे. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइसनं बाळंतिणींच्या दोन वॉर्डांतले मृत्यू ताडून बघितले. डॉक्टरांच्या वॉर्डात दाईंच्या वॉर्डापेक्षा जास्त बायका मरत होत्या. क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर तिथलं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडे त्याच्या बाजूनं होते, तरी बहुतेकांनी मानलं नाही; पुढे तर त्यानं विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं. तू तसं करू नकोस. आकडा आधी त्या युनिटच्या प्रमुखांना खासगीत दाखव, मग समितीत मांड. कुणाचं नाव घेऊ नकोस. इन्फेक्शन झालं म्हणून एका सिस्टरला मेमो निघाला की पुढच्या महिन्यात त्या वॉर्डातून कल्चर येणं बंद, आणि पुन्हा तेच शून्य.

राहता राहिलीस तू. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस झालेत का, ते कार्ड काढून बघ. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस. साबण-पाण्यानं धू आणि लगेच कळव, ड्युटी संपायची वाट बघू नकोस. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, आणि ७२ तासांनंतर ते देत नाहीत.