गाणाऱ्याच्या हातातला माईक

स्नेहसंमेलनात एखादी विद्यार्थिनी गायला उभी राहिली आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, की आपण चटकन म्हणतो, ‘हिचा आवाजच लहान.’ गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या वर्गातील मुलीला याच शेऱ्यावर खाली बसावे लागले. ती माईकपासून हातभर लांब उभी होती, हे कोणी तिला सांगितले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माईक माझ्या ओळखीचा झाला तो गावच्या हरिनाम सप्ताहात. शास्त्राचा भाग मागाहून वाचून समजून घेतला.

डायनॅमिक माईकची रचना साधी आहे. जाळीमागे पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे आणि त्याभोवती चुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळे हलते व तारेत वीज निर्माण होते. फॅराडेने १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. म्हणून या माईकला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माईकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट किंवा सेल द्यावा लागतो. तो बारकावे अधिक टिपतो हे खरे, पण मांडवात ढोलकी आणि पंखाही तितक्याच आवडीने टिपतो! शिवाय डायनॅमिक माईक धक्के सोसतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ साली निघालेला माईक आजही गायकांच्या हाती दिसतो, तो उगाच नव्हे.

विकत घेताना किमतीआधी विचारावे ते हे, की माईक कोणत्या बाजूने ऐकतो? कार्डिऑइड माईक समोरचे सर्वांत जास्त आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो; म्हणून गायकासाठीचा स्पीकर माईकच्या थेट पाठीमागे ठेवावा. सुपरकार्डिऑइड माईक पाठीमागूनही थोडे ऐकतो. त्याच्या बहिऱ्या जागा मागच्या दोन अंगांना असतात. तेथे स्पीकर तिरपा ठेवावा लागतो.

आता धरण्याविषयी. टीव्हीवरचे पाहून पुष्कळजण जाळी मुठीत धरतात. ऐट येते, पण घात होतो. मागून येणारा आवाज कापण्यासाठी जाळीखाली बारीक फटी असतात. त्या बुजल्या की माईक चहूकडून ऐकू लागतो, स्पीकरचा आवाज पुन्हा त्यात शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मग माईकवाल्याला शिव्या! मूठ दांड्यावरच असावी.

ओठ आणि जाळी यांत दोन ते चार बोटे अंतर पुरे. अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबल वाढ मिळते. लहान आवाजाला हे वरदानच आहे. जवळ गेल्याने खर्जही फुगतो. पातळ गळ्याला तो भरदारपणा देतो, जाड आवाजात मात्र शब्द बुडतात. तेव्हा मिक्सरवर खर्ज थोडा कमी करावा.

वायर तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर घ्यावी. तिच्यातील दोन तारांवर बाहेरची गुणगुण सारखीच चढते आणि मिक्सर ती वजा करतो. एकेरी तारेची लांब वायर असल्यास हा लाभ मिळत नाही.

जिमखान्याने असे दोन माईक घ्यावेत आणि प्रत्येक स्पर्धकाला आदल्या दिवशी दहा मिनिटे द्यावीत, अशी माझी सूचना आहे. तपासताना टिचकी मारू नये, फुंकरही घालू नये. आपल्या गाण्यातील सर्वांत वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण आवाजात गाऊन पाहावी, मग सर्वांत हळू ओळ.