पुन्हा सायकल, पुन्हा पाणी : मोठ्या खंडानंतर व्यायामाकडे परतताना

एकेकाळी रोज सायकलने कामावर जाणारा माणूस मोटारसायकल आली की सायकल सोडतो. गावच्या विहिरीत सूर मारणारा पोरगा शहरात आला की वर्षानुवर्षे पाण्याजवळ जात नाही. शाळेत पोहण्याच्या शर्यतीत पहिली येणारी मुलगी लग्न, बाळंतपण आणि घरकाम यांत ते सगळे मागे टाकते. मग चाळिशीच्या आसपास कधीतरी दवाखान्यात रक्तदाब किंवा साखर वाढल्याचे कळते. डॉक्टर सांगतात, "व्यायाम सुरू करा." अशा वेळी आपल्याला पूर्वी जे येत होते त्याकडे मन ओढले जाते, आणि ते योग्यच आहे. सायकल आणि पोहणे या दोन्हींत शरीराचा पूर्ण भार गुडघ्यांवर पडत नाही, आणि हृदय व फुप्फुसे यांना भरपूर काम मिळते.

मात्र परतीच्या वाटेवर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बरेच जण थांबतात. कोणाचा गुडघा सुजतो, कोणाचा खांदा धरतो, तर कोणाच्या छातीत दुखू लागते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या पाठात क्रमाने पाहू.

आधी काय परत येते, मागाहून काय येते

सायकलचा तोल आणि पोहण्याचा हात ही कौशल्ये आहेत. त्यांची नोंद मेंदूत, विशेषतः मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, पक्की झालेली असते. म्हणून पंधरा वर्षांनी सायकलवर बसलेला माणूस दोन मिनिटांत सरळ चालवू लागतो. त्याला वाटते, आपण होतो तसेच आहोत.

हृदयाचे तसे नसते. व्यायाम थांबला की काही दिवसांतच रक्तातील पाण्याचा भाग कमी होऊ लागतो, आणि हृदय एका ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कसलेल्या सायकलपटूंनी व धावपटूंनी सराव पूर्ण बंद केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के घटली. कसलेल्या खेळाडूंचे दोन महिन्यांत असे होते, तर आपल्या दहा वर्षांच्या खंडाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सर्वांत मागाहून तयार होतात त्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या. त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण कंडरांना महिने लागतात.

म्हणजे क्रम असा : कौशल्य पहिल्या दिवशी, दम काही आठवड्यांनी, कंडरा काही महिन्यांनी. हात-पाय जे करू शकतात ते हृदय आणि सांधे अजून पेलू शकत नाहीत. सगळी दुखापत याच फरकातून होते. "मला येते" आणि "मला झेपते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पाठाचे सार आहे.

उशीर झाला असे समजू नका

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. आता ते पन्नाशीचे होते आणि त्यांचे वजन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली, त्यापेक्षा तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी ती अधिक घटवली होती.

मग त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे आणि एका जागेवरची सायकल असा व्यायाम देण्यात आला. सुरुवात अगदी थोडक्यापासून झाली आणि हळूहळू तो आठवड्याला चार-साडेचार तासांपर्यंत नेला. सहा महिन्यांच्या शेवटी त्यांची क्षमता विशीत प्रयोगाच्या आधी होती तिथे पोचली. विशीत कसून सराव केल्यावर त्यांनी जी उंची गाठली होती ती मात्र पुन्हा आली नाही.

माणसे पाचच होती, त्यामुळे यावरून सर्वांविषयी नेमके आकडे काढता येणार नाहीत. पण बोध स्पष्ट आहे : बसून राहणे वयापेक्षा जास्त नुकसान करते, आणि पन्नाशीतही ते बरेचसे भरून निघते. फक्त त्याला सहा महिने द्यावे लागतात, सहा दिवस नव्हे.

सुरू करण्यापूर्वी

तीस वर्षांवरील प्रत्येकाने आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी होते. वस्तीतल्या आशाताईंना विचारले तरी त्या माहिती देतात.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये :

– ज्यांचा रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त आहे. आधी औषधाने तो खाली आणावा.
– ज्यांना चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब जाणवतो, किंवा ज्यांना हृदयाचा त्रास होऊन गेला आहे.
– जे क्षय, कावीळ किंवा डेंग्यू यांतून नुकतेच उठले आहेत. ताप गेला म्हणजे अशक्तपणा गेला असे नाही.
– ज्यांना फिट येते. त्यांनी एकट्याने पाण्यात कधीच उतरू नये.
– नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनी. त्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी. सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर आणि अंगावरून जाणे पूर्ण थांबल्यावरच पोहण्याचा विचार करावा. सिझर झाले असल्यास आणखी थांबावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर लगेच थांबून ती खावी.

सायकल : आठ आठवड्यांचा क्रम

जुनी सायकल बाहेर काढण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याकडून ब्रेकचे रबर, चेन, हवा आणि मागचा रिफ्लेक्टर पाहून घ्या. सीटची उंची स्वतः तपासा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पंजा पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. बऱ्याच जणांचा "म्हातारपणाचा गुडघा" सीट दोन बोटे वर केली की बरा होतो.

– पहिला व दुसरा आठवडा : आठवड्यात तीन दिवस, सपाट रस्त्यावर १५ ते २० मिनिटे.
– तिसरा आठवडा : तीन दिवस, २५ मिनिटे.
– चौथा आठवडा : पुन्हा २० मिनिटे. हा विसाव्याचा आठवडा आहे, तो गाळू नये.
– पाचवा व सहावा आठवडा : चार दिवस, ३० मिनिटे.
– सातवा व आठवा आठवडा : पाच दिवस, ३० मिनिटे. त्यांतल्या एका दिवशी पुलाचा लहानसा चढ घ्यावा.

प्रत्येक वेळी पहिली आणि शेवटची पाच मिनिटे अगदी हळू चालवावी. आधी वेळ वाढवा, मग वेग, आणि शेवटी चढ. तिन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. आठव्या आठवड्यात तुमची आठवड्याला १५० मिनिटे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण तेवढेच आहे.

रस्त्यावर पहाटेच्या अंधारात फिक्या रंगाचा शर्ट घाला, डोक्यावर हेल्मेट असू द्या, आणि कानात इअरफोन नको.

पोहणे : आधी श्वास, मग अंतर

पोहण्यासाठी जीवरक्षक असलेला महापालिकेचा तलाव निवडा. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कला आणि चेंबूरला असे तलाव आहेत, इतर शहरांतही आहेत. महिलांसाठी वेगळी बॅच आहे का याची चौकशी करा. हे तलाव आपल्याच कराच्या पैशांतून चालतात, तिथे जायला संकोच कशाला?

पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात उभे राहून फक्त श्वासाचा सराव करा. नाक-तोंड पाण्यात घालून हळूहळू श्वास सोडा, आणि तोंड बाहेर काढून श्वास घ्या. जुने पोहणारे परत आल्यावर दमतात ते मुख्यतः पाण्यात श्वास कोंडून धरल्यामुळे. त्यानंतर कडेने २५ मीटर पोहा आणि श्वास नेहमीसारखा होईपर्यंत काठ धरून थांबा. अशा चार ते सहा फेऱ्या पहिल्या आठवड्यात पुरेत. पुढे दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा. खांदा दुखू लागला तर फ्रीस्टाईल थांबवून काही दिवस फक्त पायांचा सराव करा. गुडघा दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोक टाळा.

जोरजोरात श्वास घेऊन मग लांब बुडी मारण्याची पैज तरुण मुले लावतात. ती जिवावर बेतते. श्वास घेण्याची निकड रक्तातील कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. तो आधीच बाहेर टाकला की निकड उशिरा जाणवते, आणि तोवर प्राणवायू कमी पडून माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो.

दगडाची बंद खाण, पावसाळ्यातली नदी आणि अनोळखी विहीर या ठिकाणी कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी उतरू नये. खाणीत काठ सरळ तुटलेला असतो, खोलीचा अंदाज येत नाही आणि बाहेर यायला धरायला काही नसते. दारू पिऊन तर पाण्याजवळही जाऊ नये. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी टाकू नका. आरडाओरड करून माणसे जमवा. दोर, साडी, लांब काठी किंवा रिकामा कॅन त्याच्याकडे फेका.

जोर किती लावावा

यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. व्यायाम करताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा जोर योग्य. बोलताना वाक्य तुटू लागले तर वेग कमी करा. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून काठाला पोचताच वाक्य बोलून पाहा.

सफाईकाम, हमाली, बांधकाम किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्यांचे शरीर दिवसभर राबलेले असते. पण वाकणे, उचलणे आणि उभे राहणे यांनी कंबर व गुडघे झिजतात, दम मात्र फारसा वाढत नाही. म्हणून त्यांनाही सायकल उपयोगी आहे, पण सुट्टीच्या किंवा हलक्या कामाच्या दिवशी. रात्रपाळी संपवून न झोपता पोहायला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे साधारण आहे, ते दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे, सूज, किंवा रोज वाढणारे दुखणे साधारण नाही. तेव्हा थांबावे.

छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, चक्कर, किंवा विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी झोपू नका. १०८ ला फोन करा. स्त्रियांमध्ये कधी कधी फक्त मळमळ आणि विलक्षण थकवा एवढीच खूण असते.

पावडरचे डबे नकोत. भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडे, सुकट यांत शरीराला लागणारे पुरेसे मिळते. पोहताना घाम दिसत नाही, पण येतो, म्हणून नंतर पाणी प्यावे.

वहीत लिहा

हा पाठ घरातल्यांसोबत वाचा आणि एका वहीत तीन गोष्टी लिहा : माझा रक्तदाब आणि साखर किती आहे? खंड किती वर्षांचा आहे? आठवड्यातले कोणते तीन दिवस मला खरोखर मोकळे आहेत? मग रोज एक ओळ : किती मिनिटे केले, वाक्य बोलता आले का, काय दुखले. एखादा आठवडा चुकला तर जिथे थांबला होता तिथून एक पायरी मागे जाऊन सुरू करा. घरातल्या बाईच्या नावाचेही एक पान त्या वहीत असू द्या, आणि तिचे तीन दिवस मोकळे करणे हे घरातल्या सर्वांचे काम समजा.