पहिल्या संग्रहापासून जनस्थानापर्यंत

कुसुमाग्रज प्रतिष्ठान ही नाशिकमधली सार्वजनिक विश्वस्त संस्था. वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज यांनी ती आपल्या हयातीतच स्थापन केली. टिळकवाडीतले त्यांचे निवासस्थान आणि गंगापूर रस्त्यावरचे कुसुमाग्रज स्मारक ही तिची ठिकाणे शहरात सर्वांना ठाऊक आहेत. लेखकाच्या पाठीशी उभे राहण्याचे काम मात्र ती एकटी करत नाही. १८४० मध्ये सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय, लोकहितवादी मंडळ आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचाही त्यात वाटा आहे. पुढील संवाद एक निवृत्त ग्रंथपाल आणि कविता लिहू लागलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांच्यातला आहे.

विद्यार्थिनी : सर, प्रतिष्ठान म्हटलं की जनस्थान पुरस्कारच आठवतो. तेवढंच काम आहे का त्यांचं?

ग्रंथपाल : बातमी पुरस्काराची होते, म्हणून तसं वाटतं. जनस्थान एक वर्षाआड दिला जातो. १९९१ मध्ये पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला, १९९३ मध्ये विंदा करंदीकरांना, १९९५ मध्ये इंदिरा संतांना. पुढे नारायण सुर्वे, ना. धों. महानोर, महेश एलकुंचवार, विजया राजाध्यक्ष, आशा बगे अशी नावं येतात. मधल्या वर्षी गोदावरी गौरव असतो. तो साहित्यासाठी नाही, तर विज्ञान, संगीत, चित्रकला, लोकसेवा अशा इतर क्षेत्रांतल्या माणसांसाठी. साहित्यिकाच्या नावानं चाललेल्या संस्थेनं साहित्याबाहेर पाहावं, ही खास शिरवाडकरी दृष्टी. आदिवासी भागातलं कामही प्रतिष्ठान करतं.

विद्यार्थिनी : जनस्थानची निवड चांगली असते असं सगळे म्हणतात. खरंच तसं आहे?

ग्रंथपाल : एक गोष्ट बोलकी आहे. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले : खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे. यांपैकी विंदा आणि नेमाडे या दोघांनाही नाशिकनं आधी जनस्थान दिला होता. विंदांना दहा वर्षं आधी. नेमाडे २०१३ चे जनस्थानचे मानकरी आणि २०१४ चे ज्ञानपीठाचे. पण हा पुरस्कार आयुष्यभराच्या कामाला असतो, हे विसरता येत नाही. इंदिराबाईंना तो मिळाला तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या.

विद्यार्थिनी : म्हणजे माझ्यासारखीनं अजून साठ वर्षं थांबायचं!

ग्रंथपाल : नाही. तुझ्या टप्प्यासाठी वेगळी दारं आहेत, फक्त ती वेगवेगळ्या इमारतींत आहेत. पुस्तक निघण्याच्या आधीची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचा जिल्हा साहित्यिक मेळावा. सिन्नर, निफाड, मालेगाव, कळवण अशा तालुक्यांतून माणसं येतात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेतला कारकून. कविसंमेलनात प्रत्येकाला एकच कविता वाचायला मिळते. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत असतो आणि तरीही काही जण दोन वाचतातच! नव्या कवीला स्वतःची ओळ अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदा ऐकू येते ती अशाच ठिकाणी. खालून 'वा' आली नाही तर ती ओळ कच्ची आहे, हे तिथल्या तिथं कळतं. वही कितीही भरली तरी ते घरी कळत नाही.

विद्यार्थिनी : आणि पहिला संग्रह?

ग्रंथपाल : त्यासाठी मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा विशाखा काव्य पुरस्कार आहे. तो नवोदितांच्या पहिल्याच संग्रहाला मिळतो. पण पुरस्काराच्या आधी पुस्तक छापून यावं लागतं आणि नव्या कवीची गाडी अडते ती तिथंच. बहुतेक प्रकाशक अनोळखी कवीचा संग्रह स्वतःच्या खर्चानं काढत नाहीत. इथं राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना उपयोगी पडते. हस्तलिखित पाठवायचं, ते तज्ज्ञ वाचतात आणि पसंत पडलं तर पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. नाशिकच्या संस्थांनी हस्तलिखित वाचून सुधारणा सुचवण्याची कायमची सोय केली, तर हे काम मुंबईवर सोडावं लागणार नाही.

विद्यार्थिनी : पुरस्काराला 'विशाखा'च नाव का? कुसुमाग्रजांचा तो पहिला संग्रह होता का?

ग्रंथपाल : पहिला 'जीवनलहरी', १९३३ चा. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १९४२ मध्ये 'विशाखा' आली आणि कुसुमाग्रज हे नाव घरोघरी गेलं. ती प्रसिद्ध करण्यात पुढाकार होता वि. स. खांडेकरांचा, प्रस्तावनाही त्यांचीच. खांडेकर तेव्हा महाराष्ट्रातले अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार आणि हा नाशिकचा तिशीतला पत्रकार. पुढे मराठीतला पहिला ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाला आणि दुसरा कुसुमाग्रजांना. नव्या लेखकाला आधार म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत शोधावं लागेल. तिथं समिती नव्हती, अर्ज नव्हता. एका मोठ्या लेखकाची पारख होती आणि तिच्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावायची तयारी होती. संस्थेला अशी पारख नियमांत बसवता येत नाही. ती फार तर अशा भेटी घडतील अशी जागा देऊ शकते.

विद्यार्थिनी : पण या संस्था चालतात कशा? पैसा कुठून येतो?

ग्रंथपाल : अशा संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. नफा वाटून घेता येत नाही, हिशेब तपासून सादर करावे लागतात. प्रतिष्ठानचा कारभार विश्वस्त पाहतात आणि देणग्या हा मोठा आधार असतो. वाचनालयाचं वेगळं. तिथं सभासदांची वर्गणी येते, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार शासकीय अनुदान येतं आणि कार्यकारिणी सभासद निवडून देतात. ती निवडणूक नाशिकमध्ये चांगलीच गाजते. पॅनेल पडतात, पत्रकं निघतात, आरोप होतात. काहींना ते शोभत नाही असं वाटतं. पण ज्या संस्थेवर कुणी भांडतच नाही, तिच्याकडे लोकांचं लक्षही उरलेलं नसतं. कुसुमाग्रज स्वतःही या वाचनालयाचे अध्यक्ष होते.

विद्यार्थिनी : आमच्या सोसायटीत 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी येते. तीही प्रतिष्ठानचीच ना?

ग्रंथपाल : हो. २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ती योजना सुरू झाली. एका पेटीत शंभर पुस्तकं असतात. देणगीदाराच्या पैशातून ती भरली जाते आणि वाचकांच्या एखाद्या गटाला विनामूल्य मिळते. गटातला एक जण ती सांभाळतो, नोंद ठेवतो. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मरणार्थ पेटी देणारेही आहेत. रुग्णालयं, कारागृहं, थेट दुबईतली मराठी घरं, एवढा तिचा पसारा झाला.

विद्यार्थिनी : ती तर वाचकांसाठी आहे. लेखकाला तिचा काय उपयोग?

ग्रंथपाल : सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच असावा. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. त्या हजार प्रती संपायला वर्षं लागतात. लेखकाला दिलेली शाल घरी कपाटात जाते. पेटीत गेलेलं पुस्तक हातोहात फिरतं. मात्र एक त्रुटी आहे. पेटी भरताना ओळखीची, मागणी असलेली नावं आधी सुचतात. प्रत्येक पेटीत नाशिक जिल्ह्यातल्या नव्या लेखकांची चार पुस्तकं ठरवून घातली, तर मेळाव्यात कविता वाचलेल्या माणसाला वाचकही मिळेल.

विद्यार्थिनी : साहित्य संमेलनानं नव्या लेखकाला काही मिळतं का?

ग्रंथपाल : तीन दिवसांचा उत्साह मिळतो. नाशिकला अखिल भारतीय संमेलन १९४२ मध्ये अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली झालं, २००५ मध्ये केशव मेश्राम यांच्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये जयंत नारळीकर यांच्या. शेवटच्याचं यजमानपद लोकहितवादी मंडळाकडे होतं. करोनामुळे ते मार्चवरून डिसेंबरवर गेलं. त्याच सुमारास शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, कारण मोठ्या मांडवात आपली जागा नाही असं वाटणारे लेखक नाशिकमध्येही कमी नाहीत. पुस्तकविक्री होते, ओळखी होतात. त्यापुढचं काम पुन्हा वर्षभर चालणाऱ्या संस्थांवरच येतं.

विद्यार्थिनी : सर, सुरुवातीला मेळावा आणि 'विशाखा', शेवटी जनस्थान. मधल्या तीस-चाळीस वर्षांचं काय?

ग्रंथपाल : तिथं नाशिकची बाजू लंगडी आहे. बाबूराव बागुलांचं पाहा. नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला आणि मराठी कथेची वाट बदलली. जनस्थान २००७ मध्ये मिळाला. पुढच्या वर्षी ते गेले. मधल्या काळात लेखक जगतो तो नोकरीवर. कुसुमाग्रजांनी चित्रपटकथा लिहिली, वृत्तपत्रांत काम केलं. वसंत कानेटकर ह. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवत होते आणि शिकवता शिकवताच नाटकं लिहीत होते. आता वृत्तपत्रांच्या पुरवण्या आक्रसल्या, दिवाळी अंकांचं मानधन अनेकदा अंकाच्या प्रतीवरच भागवलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकावर काम करणाऱ्याला सहा महिने बिनपगारी रजा घेता येईल एवढी पाठ्यवृत्ती, चांगल्या मराठी पुस्तकाचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद करून घेण्यासाठी निधी आणि कच्चा मसुदा परखडपणे वाचणारा संपादक, या तीन गोष्टी या टप्प्यावर लागतात.

विद्यार्थिनी : मग मी आत्ता कुठून सुरुवात करू?

ग्रंथपाल : वाचनालयाचं सभासदत्व घे. मेळाव्याची सूचना फलकावर लागते. तुझ्या वहीतली सगळ्यांत छोटी कविता त्यासाठी निवड. आणि संग्रह काढायची घाई करू नको. 'विशाखा' पुरस्कारासाठी पहिला संग्रहच चालतो आणि तो एकदाच निघतो.